सोडलेली ट्राउट जगली पाहिजे : पकडणं, फोटो काढणं आणि परत सोडणं

हातातून सुटलेली ट्राउट शेपटीचा एक फटका मारून दिसेनाशी झाली की आपल्याला वाटतं, वाचली. तसं नसतं. पार दमलेला, गुदमरलेला, अंगावरचा चिकट थर खरवडला गेलेला मासासुद्धा पोहत निघून जातो. मग काही तासांनी, कधी काही दिवसांनी, खालच्या एखाद्या डोहात तो उलटा होतो. तो मेलेला आपल्याला दिसत नाही, त्यामुळे आपलं काही चुकलं हेही कळत नाही. या लेखातली प्रत्येक पायरी मासा नजरेआड गेल्यानंतरच्या त्या तासांसाठी आहे.

महाराष्ट्रात ट्राउट नाही, आपलं पाणी तिला गरम पडतं. पण पुण्यामुंबईहून हिमाचलला जाणाऱ्यांपैकी बरेच जण आता तीर्थन खोऱ्यात गुशैणी-बंजारच्या बाजूला गरवायला जातात, कोणी बारोटला उहल नदीवर, कोणी सांगल्याला बास्पावर, कोणी काश्मीरमध्ये लिद्दरवर. यातल्या पुष्कळांना खाडीवर किंवा धरणावर गळ टाकायची सवय असते आणि हात तिथेच तयार झालेला असतो. शिंगाळा, मरळ हे चिवट मासे. मरळ तर ओल्या गोणपाटात तासन्‌तास जिवंत राहते. ट्राउटला ते जमत नाही. थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यासाठी घडलेला हा जीव पाण्याबाहेर काही सेकंदांतच संकटात येतो. म्हणून इकडची सवय तिकडे नेऊ नका, एवढं आधीच सांगते.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅनडातल्या दोन संशोधकांचा एक प्रयोग इथे माहीत असायला हवा. त्यांनी रेनबो ट्राउट टाकीत दमेपर्यंत पळवल्या. काहींना पाण्यातच ठेवलं, काहींना नंतर ३० सेकंद हवेत धरलं आणि काहींना ६० सेकंद. बारा तासांत पहिल्या गटातल्या १२ टक्के मेल्या, दुसऱ्यातल्या ३८ टक्के आणि तिसऱ्यातल्या ७२ टक्के. हे मासे पूर्ण थकवलेले होते आणि रक्त तपासण्यासाठी त्यांच्या अंगात नळ्या बसवलेल्या होत्या, त्यामुळे हेच आकडे नदीवर जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण फोटोसाठी मासा अर्धा मिनिट हातात धरणं किती महाग पडतं, ते यावरून समजतं. कारण सरळ आहे. कल्ल्यांमधल्या बारीक पाकळ्या पाण्याच्या आधाराने सुट्या राहतात. हवेत आल्या की त्या एकमेकींना चिकटतात आणि प्राणवायू घेणं जवळपास थांबतं. झुंज देऊन स्नायूंत आम्ल साठलेलं असतं, त्याच वेळी श्वास बंद होतो.

घरून निघण्याआधी

निम्मं काम इथेच होतं. नदीवर गेल्यावर, हातात मासा फडफडत असताना कोणालाच काही सुचत नाही.

गळापासून सुरुवात करा. टोकाच्या मागे जो छोटा उलटा काटा असतो, तो दाबून टाका. सपाट जबड्याची बारीक पक्कड घ्या, गळाचं टोक जबड्यात सरळ धरा आणि हळूहळू दाब द्या. गळ आडवा धरून एकदम दाबलात तर टोकच तुटतं. काटा बसला की नाही हे पाहायला तो गळ जुन्या सुती मोज्यात टोचून ओढा. धागा न ओढता अलगद बाहेर आला तर काम झालं. अडकला तर पुन्हा दाबा. हे काम घरी, उजेडात, दिव्याखाली बसून करायचं. काटा नसला तर मासा सुटेल ही भीती मी बऱ्याच जणांकडून ऐकते. दोर ताणलेला ठेवलात तर तसा फारसा सुटत नाही, आणि सुटलाच तर सोडायचाच होता. शिवाय उलटा काटा नसलेला गळ तुमच्याच बोटात घुसला तर दवाखाना गाठावा लागत नाही.

स्पिनर किंवा चमचा (पाण्यातून ओढलं की फिरणारं, चमकणारं धातूचं कृत्रिम आमिष) वापरत असाल तर त्याला बहुधा तीन तोंडी गळ असतो. तो काढून एक तोंडी गळ लावा. तीन टोकांपैकी एक ओठात आणि दुसरं डोळ्यात, असं चित्र नदीवर वारंवार दिसतं आणि ते पाहवत नाही. एक तोंडी गळ लावल्यावर चमच्याची चाल थोडी बदलते, म्हणून घराजवळच्या तळ्यात एकदा ओढून पाहा. गांडूळ किंवा कणकेची गोळी मात्र मासा सोडायचा असेल तर वापरूच नका. जिवंत किंवा खाण्याचं आमिष ट्राउट गिळते आणि गळ थेट घशात जातो. कृत्रिम माशी किंवा स्पिनर बहुतेक वेळा जबड्याच्या कडेलाच लागतो.

दोर फार बारीक नको. बारीक दोरावर मोठा मासा खेळवणं हे कौशल्य वाटतं, पण त्यात माशाला विनाकारण चार-पाच मिनिटं जास्त झगडावं लागतं. स्पिनिंगसाठी सहा ते आठ पौंडी तंगूस पुरतो. फ्लायवर, म्हणजे कृत्रिम माशीने गरवताना, शेवटचा दोर ५ एक्सऐवजी त्याहून जाड असलेला ४ एक्स बांधला तर मासा लवकर हाताशी येतो.

जाळी रबराची किंवा सिलिकॉनची, गाठी नसलेली, थोडी खोल असावी. बाजारात मिळणाऱ्या नायलॉनच्या गाठीदार जाळ्यात पर चिरतात आणि अंगावरचा थर खरवडून निघतो. हा थर साधा बुळबुळीतपणा नाही, ती माशाची रोगांविरुद्धची पहिली भिंत आहे. जिथे तो निघतो तिथे पाण्यातली बुरशी बसते आणि कापसासारखे पांढरे डाग पडतात. रबरी जाळी महाग वाटली तरी बाकी खर्चात थोडी काटकसर करा, इथे नको.

आणखी तीन वस्तू खिशात हव्यात. एक, सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळणारा आर्टरी फोर्सेप, म्हणजे लांब नाकाचा चिमटा. तो दोरीने जाकिटाला बांधा, नाहीतर पहिल्याच दिवशी नदीला अर्पण होईल. दोन, दोर कापायला छोटी कात्री. तीन, पाण्याचा थर्मामीटर. ही तिसरी वस्तू कोणी घेत नाही आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. का, ते पुढे येतंच आहे.

परवाना, हंगाम आणि पाणी

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात गळ टाकायला मत्स्यविभागाचा परवाना लागतो. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण तो तपकिरी ट्राउटच्या प्रजननाचा काळ आहे. परवान्यावर कोणता पट्टा, किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतील हे दिलेलं असतं. ते नीट वाचा आणि होमस्टेवाल्यावर सोडून देऊ नका. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीकडे जायचं असेल तर साईरोप्याला वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा.

आता थर्मामीटर. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. पाणी तापत जातं तसा त्यातला प्राणवायू घटतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. समुद्रसपाटीला १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशाला जेमतेम ९. गुशैणी सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने हे प्रमाण आणखी साधारण सहाव्या भागाने कमी होतं. म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या सखल नद्यांसाठी लिहिलेल्या सूचनांपेक्षा आपण इथे जरा जास्तच जपायला हवं. मी १८ अंशाला गळ गुंडाळते. काही जण २० पर्यंत गरवत राहतात, पण तोवर दमलेल्या माशाला सावरायला पाण्यात काहीच उरत नाही. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पाणी मोजा, सावलीत, वाहत्या धारेत, हाताच्या खोलीवर. मे-जूनच्या स्वच्छ दिवसांत खालच्या उथळ पट्ट्यात सकाळ-दुपारमध्ये चांगलाच फरक पडतो. तेव्हा पहाटे गरवा, दुपारी वर चढून हिमालय बघा.

उलट टोकही लक्षात ठेवा. मार्चच्या सुरुवातीला पहाटे हवा शून्याखाली असेल तर ओले कल्ले हवेत येताच गोठू शकतात. अशा सकाळी मासा अजिबात बाहेर काढायचा नाही, फोटोसाठीही नाही.

पावसाळ्यात नदी गढूळ आणि धोक्याची होते. त्या दिवसांत गळ घरी ठेवलेला बरा.

मासा लागल्यावर

लवकर आणा. घाईघाईने ओढू नका, पण खेळवतही बसू नका. रॉड सरळ वर धरून उभं राहण्याची सवय बहुतेकांना असते. त्याऐवजी रॉड पाण्याला समांतर, बाजूला झुकवा. मासा डावीकडे निघाला की उजवीकडे दाब द्या, उजवीकडे वळला की डावीकडे. बाजूने दाब पडला की माशाचं डोकं वळतं, तोल जातो आणि तो प्रवाहाचा आधार घेऊ शकत नाही. शक्य असेल तर चार पावलं खाली चालत जाऊन माशाच्या समोरासमोर किंवा किंचित खाली या. मासा प्रवाहात खाली आणि तुम्ही वर असाल तर तुम्ही माशाबरोबर अख्खी नदीच ओढत असता.

तीर्थनवर मिळणारी नेहमीची फूटभर ट्राउट दीड-दोन मिनिटांत जाळीपाशी यायला हवी. त्याहून जास्त लागत असेल तर दोर बारीक आहे किंवा तुम्ही घाबरून ताण कमी ठेवलाय. उतरायची जागाही आधीच हेरून ठेवा, मऊ वाहतं, गुडघाभर, तळाशी गोटे नसलेलं पाणी. मासा लागल्यावर ती शोधत फिरू नका. माशाला दगडांवर ओढत काठावर आणणं तर नकोच. दगडावर आपटलेल्या माशाला बाहेरून खरचटलेलं दिसतं, आत काय झालं ते दिसत नाही.

जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा, मासा तिच्यावर आणा, डोकं आत आलं की वर उचला. जाळी घेऊन माशाच्या मागे धावलात तर तो प्रत्येक वेळी नव्याने उसळतो आणि उरलीसुरली ताकद त्यात जाते.

जाळीत, पाण्याखाली

मासा जाळीत आला की जाळीचं तोंड वर आणि पिशवी पाण्यात, माशाचं तोंड प्रवाहाकडे. इथे दहा सेकंद काही करू नका. त्यालाही श्वास घेऊ द्या आणि तुमचे हातही स्थिर होऊ द्या.

हात पूर्ण भिजवा. कोरडा हात म्हणजे खरवडणारा हात. लोकरी किंवा कापडी हातमोजे काढा, बोटातल्या अंगठ्या आणि कडी मनगटात मागे सरकवा किंवा काढूनच ठेवा. डास मारायचं औषध आणि सनस्क्रीन लावल्यावर हात चांगले धुतलेले हवेत, नुसते भिजवून भागत नाही.

गळ काढताना मासा पाण्यातच राहतो. फोर्सेपने गळाचा वाकलेला भाग, दोराजवळ नव्हे, टोकाच्या वळणाजवळ घट्ट धरा. गळ ज्या दिशेने आत गेला त्याच्या नेमक्या उलट दिशेने मागे ढकला. उलटा काटा दाबलेला असेल तर मनगटाच्या एका वळणावर तो सुटतो. मासा फार उसळत असेल तर पाण्यातच त्याला हलकेच पाठीवर वळवा, बहुतेक ट्राउट काही क्षण शांत पडते. लहान माशाला जाळीचीही गरज नाही. दोरावरून बोटं सरकवत गळापर्यंत या, गळ धरा आणि उलटा करा. मासा आपोआप घसरून पाण्यात जातो, तुमचा हात त्याला लागतही नाही. माझ्या मते सोडण्याची याहून चांगली पद्धत नाही. दिवसातले बहुतेक मासे असेच सोडा आणि फोटोचा हट्ट एखाद्यासाठी ठेवा.

धरायचंच असेल तर कसं धरायचं? एक हात शेपटीच्या अगदी आधी, जिथे शरीर निमुळतं होतं तिथे, अंगठा आणि बोटांचं सैल कडं करून. दुसरा हात खालून, छातीच्या परांच्या किंचित मागे, तळहात उघडा, आधार देण्यापुरता. ट्राउटचं हृदय कल्ल्यांच्या मागे, छातीच्या परांमध्ये अगदी खाली असतं. तिथे मूठ आवळली तर तुम्ही हृदयच दाबत असता. पोटही दाबू नका. कल्ल्यात बोट घालू नका. खालच्या जबड्याला धरून लटकवू नका. इकडे काही माशांना असं धरतात, ट्राउटचा जबडा त्या वजनासाठी नाही.

मासा हातातून निसटू पाहत असेल तर निसटू द्या. घट्ट धरण्यापेक्षा पाण्यात पडलेला बरा. म्हणूनच हात नेहमी पाण्यावर असावेत, दगडांवर नाही.

फोटो

फोटोला माझा विरोध नाही. हजार किलोमीटर प्रवास करून आलेल्या माणसाला आठवण हवी असते, आणि चांगला फोटो पाहून दुसराही नीट हाताळायला शिकतो. फक्त तयारी मासा यायच्या आधी झालेली हवी.

फोनचा कॅमेरा उघडा, स्क्रीन बंद व्हायची वेळ वाढवून ठेवा. ओल्या बोटाने स्क्रीन चालत नाही, त्यामुळे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने फोटो निघेल असं सेटिंग करा. बटण दाबून धरलं की एकामागोमाग फोटो निघतील हे तपासून घ्या. मोठा कॅमेरा असेल तर शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा, ओघळतं पाणी आणि फडफड दोन्ही स्पष्ट येतात. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. टोपीची सावली चेहऱ्यावर येत असेल तर टोपी आधीच वर करा, मासा हातात असताना नाही.

मग दोघांनी बोलून घ्यायचं. मासा धरणारा गुडघ्यावर बसलेला, मासा जाळीत पाण्याखाली, गळ काढलेला. फोटो काढणारा खाली वाकून, लेन्स माशाच्या पातळीवर.

"तयार?"

"थांब, सूर्याकडे वळ जरा. हं, आता."

मग मासा वर येतो, पाण्यापासून वीतभर, अंगावरून पाणी ओघळत असताना. दोन सेकंद, तीन सेकंद, आणि परत पाण्यात. उचलताना तुम्हीही श्वास रोखा. तुम्हाला जेव्हा श्वास घ्यावासा वाटेल त्याच्या बराच आधी मासा पाण्यात गेलेला हवा. सगळं मिळून दहा सेकंदांच्या वर जायचं नाही. फोटो बिघडला तर लगेच पुन्हा उचलू नका. जाळीत निदान अर्धा मिनिट श्वास घेऊ द्या आणि एकदाच आणखी प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही नाही जमला तर सोडा.

हात पुढे ताणून मासा मोठा दाखवण्याची पद्धत फार बोकाळली आहे. त्यात दोन गोष्टी होतात. लांब हातांना वजन पेलत नाही म्हणून पकड आपोआप आवळते, आणि मासा उंचावर असतो म्हणून पडला तर जोरात पडतो. कोपर अंगाजवळ ठेवा. काठावर उभं राहून, गवतावर ठेवून, रॉडशेजारी दगडावर झोपवून काढलेले फोटो तर बंदच व्हायला हवेत. उन्हात तापलेल्या दगडाचा चटका आपल्या तळव्यालाही बसतो, ओल्या कातडीच्या माशाचं काय होत असेल?

खरं सांगायचं तर सगळ्यांत सुंदर फोटो मासा पाण्यात असतानाचेच येतात. तपकिरी ट्राउटच्या कुशीवर काळे ठिपके असतात, त्यांतच लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट निळसर कडं. हे कडं पाण्याबाहेर काही क्षणांत मंदावतं, पाण्याच्या पातळ पडद्याखाली ते झळकतं. पाण्यावरची चकाकी मारायची असेल तर आपल्या पोलराइज्ड गॉगलची काच फोनच्या लेन्ससमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका ठरावीक कोनात चमक गायब होते आणि मासा तळापर्यंत दिसतो. वॉटरप्रूफ पाऊचमध्ये फोन घालून अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असा फोटोही घेता येतो. एकटे असाल तर फक्त हाच मार्ग ठेवा. एका हाताने मासा, दुसऱ्या हाताने सेल्फी, हे दोन्ही नीट होत नाही.

लांबी मोजायची असेल तर जाळीच्या दांड्यावर किंवा रॉडवर आधीच खुणा करून ठेवा आणि पाण्यातच मासा त्याला लावून पाहा. वजनासाठी काट्याला लटकवण्याची काही गरज नाही.

आणखी एक. फोटो टाकताना डोहाचं नेमकं ठिकाण लिहू नका. नदीचं नाव पुरे. छोट्या डोहात मोजके मोठे मासे असतात आणि आठवड्याभरात तिथे गर्दी झाली तर तोच मासा पुन्हा पुन्हा पकडला जातो.

सोडणं

इथे सगळ्यांत जास्त लोक चुकीचं शिकलेले आहेत. मासा हातात धरून पुढेमागे, पुढेमागे हलवायचा, म्हणजे कल्ल्यांत पाणी जातं, असं सांगितलं जातं. कल्ले एकाच दिशेने चालतात. तोंडातून पाणी आत, कल्ल्यांतून बाहेर. मागे ओढलं की ते उलट्या बाजूने घुसतं आणि नाजूक पाकळ्यांना त्रास होतो. म्हणून हलवायचं नाही. तोंड प्रवाहाकडे करून स्थिर धरायचं आणि पाण्याला त्याचं काम करू द्यायचं.

जागा कशी निवडायची? जोराची धार नको, दमलेला मासा तिच्यात वाहत जाऊन दगडांवर आपटतो. साचलेलं पाणीही नको, त्यात प्राणवायू कमी. मोठ्या दगडाच्या मागे, जिथे धार मंदावते पण पाणी हलतं असतं, ती जागा उत्तम. गढूळ तळ टाळा, तुमच्या बुटांनी उठलेली गाद त्याच्या कल्ल्यांत जाते. शक्य असेल तर मासा जिथे लागला तिथेच सोडा.

एक हात शेपटीच्या निमुळत्या भागावर, सैल. दुसरा पोटाखाली, फक्त आधाराला. आता कल्ल्यांकडे पाहा. सुरुवातीला ते जोरजोरात किंवा अडखळत हलतील, मग हळूहळू एका लयीत येतील. मग मासा स्वतः सरळ राहतो का हे पाहण्यासाठी खालचा हात किंचित खाली न्या. कलंडला तर पुन्हा आधार द्या. शेवटी शेपटीभोवतीचं कडं जरासं आवळा. निरोगी मासा लगेच झटका देऊन सुटायला पाहतो. तो झटका आला की सोडा. झटका नाही आला तर तो अजून तयार नाही.

डोळ्यांवरूनही समजतं. शुद्धीत असलेल्या माशाला हलकेच कुशीवर कलतं केलं तर त्याचा डोळा जागेवरच फिरून सरळ राहायचा प्रयत्न करतो. डोळा शरीराबरोबर तसाच आडवा गेला तर मासा फार थकलाय. अशा वेळी हातात धरून बसण्यापेक्षा त्याला जाळीत, वाहत्या पाण्यात, सावलीत मोकळं ठेवा. हाताच्या स्पर्शानेही तो धडपडतो. पाच मिनिटं लागोत, दहा लागोत, तेवढा वेळ काढा. सोडल्यावरही लगेच वळून चालू पडू नका, दोन मिनिटं त्या पाण्यावर नजर ठेवा. उलटा होऊन वर आला तर पुन्हा धरता येतो.

मासा फेकायचा नाही. पुलावरून नाही, उंच काठावरून नाही, दोन फुटांवरूनही नाही.

गळ खोल गेला तर

गळ घशात असेल तर काढू नका. फोर्सेप आत घालून शोधाशोध केली की कल्ल्यांच्या कमानी आणि आतल्या रक्तवाहिन्या फाटतात. गळाच्या जितक्या जवळून जमेल तितक्या जवळून दोर कापा आणि मासा सोडा. दोर कापून सोडलेले मासे गळ उपसून सोडलेल्या माशांपेक्षा खूप जास्त जगतात, आणि पुष्कळ जण काही आठवड्यांत गळ टाकूनही देतात. म्हणून स्टेनलेस स्टीलचे न गंजणारे गळ गोड्या पाण्यात वापरू नका. एका गळाची किंमत माशाच्या जिवापुढे काहीच नाही.

कल्ल्यांतून लाल भडक रक्त वाहत असेल तर तो मासा बहुधा जगणार नाही. परवान्यात बसत असेल, लांबी पुरेशी असेल, तर तो ठेवा. डोक्यावर, डोळ्यांच्या किंचित मागे, जड लाकडाचा एक जोरदार घाव घालून लगेच मारा आणि दिवसाच्या मोजणीत धरा. काठावर तडफडत ठेवणं ही क्रूरता आहे. परवान्यात बसत नसेल तर नियमाप्रमाणे सोडावाच लागतो, आणि त्या दिवशी गळ बदला, जागा बदला किंवा थांबा.

ठेवायचा की सोडायचा

हा प्रश्न हिमालयात जरा वेगळा आहे. ट्राउट इथली नाही. १९०० साली स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांपासून ती काश्मीरमध्ये वाढवली गेली आणि १९०९ च्या सुमारास तिथून कुल्लूला आली. इथला मूळचा थंड पाण्यातला मासा म्हणजे असला, ज्याला स्नो ट्राउट म्हणतात पण जो खरं तर कार्पच्या कुळातला आहे. तपकिरी ट्राउट त्याची जागा आणि त्याची पिल्लं दोन्ही खाते. म्हणून परवान्याच्या मर्यादेत एखाद-दुसरी ट्राउट जेवणासाठी ठेवणाऱ्याला मी दोष देत नाही. दोष देते तो अर्धवट सोडण्याला, तासाभरात मरणारा मासा सोडून पुण्य मिळाल्याचं समाधान मानण्याला. ठरवा : खायचा असेल तर लगेच मारा, सोडायचा असेल तर नीट सोडा. आणि गळाला असला लागला तर तो हमखास सोडाच, ट्राउटइतक्याच काळजीने. त्याचं तोंड खाली असतं, ओठ मऊ आणि मांसल, त्यामुळे गळ काढताना अजून हलका हात लागतो.

हीच पद्धत महाशीरलाही लागू पडते. लोणावळ्याजवळ वाळवणला टाटांनी अनेक वर्षं महाशीरचं बीज तयार केलं, त्यामुळे आपल्याकडच्या गरवणाऱ्यांना तो मासा सोडण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फक्त महाशीर ताकदवान असल्याने झुंज लांबते आणि सावरायला जास्त वेळ द्यावा लागतो.

काठ आणि तळ

एका नदीवरून दुसऱ्या नदीवर जाताना जाळी, बूट आणि वेडर्स (पाण्यात उतरायचा जलरोधक पायजमा) घासून धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. पाण्यातले रोग ओल्या कापडातून प्रवास करतात. तोडलेला तंगूस खिशात टाका, नदीत किंवा झुडपात टाकू नका. पाण्यावर जगणारे धोबी, पाणकावळे असे पक्षी त्यात अडकतात.

आणि मार्च महिन्यात कुठे पाय ठेवता ते पाहा. तपकिरी ट्राउट नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला उथळ वाहत्या पाण्यात शेपटीने बारीक खडी उकरून अंडी घालते आणि वर पुन्हा खडी ओढते. थंड पाण्यात अंडी उबवायला तीन महिने सहज लागतात, नंतरही पिल्लं कित्येक आठवडे त्या खडीतच असतात. म्हणजे हंगाम उघडतो तेव्हाही ती तिथेच असतात. आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळापेक्षा स्वच्छ, फिकट रंगाचा, साधारण हातभर लांबीचा खडीचा पट्टा दिसला, वरच्या बाजूला उथळ खड्डा आणि खाली उंचवटा, तर ते घरटं समजा. त्यावरून चालू नका. नदी ओलांडायची असेल तर मोठ्या दगडांवरून जा, नाहीतर पुलापर्यंत चालत जा.